तिसरा फवारा

१५ एप्रिल

जयंती झ्याक झाली. गवताचा मात्र सत्यानास.

काल विहारात पाय ठेवायले जागा नव्हती. आनंदच आहे. पण आज सकाळी जाऊन पाहतो तर तिसऱ्या फवाऱ्याची मान मोडून पडलेली. कोणाची तरी खुर्ची आदळली असेल. वरचा भाग अलगद हातात आला आणि खालचे प्लास्टिकचे आटे जमिनीतल्या पाइपातच अडकून राह्यले, चार बोटं खोल. वरून पकडायले काहीच नाही.

बरं, एक तुटला म्हणून बाकीचे चालतील, असं बी नाही. मोटर लावली की सारं पाणी त्या एका भोकातून भसाभस वर येते आणि बाकीचे फवारे मान टाकून बसतात. लाइनच बंद करा लागली. आणि ऊन कसं, तर सकाळी आठ वाजता गेट हातात धरवत नाही.

बुद्धपौर्णिमेले नवीन मूर्तीचं अनावरण आहे, नागपूरहून भंतेजी येऊन राह्यले. मीच भर मिटिंगमध्ये छाती ठोकून म्हणालो होतो, "पौर्णिमेले विहार हिरवागार नाही दिसला, तर उकंडाचं नाव बदलून टाकजा." कोणी सांगतलं होतं मले बोलायले?

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो. हा फवारा दिवाळीत मीच बसवला होता. गळू नये म्हणून आट्यांले सोलुशन लावलं, आणि वरून पान्यानं कच्चून आवळलं. एसटीच्या वर्कशॉपात सारी जिंदगी बोल्ट आवळले, हात थोडीच ऐकते! प्लास्टिक आवळाचं नसते, बोटानं बसवाचं असते, हे मले आता समजून राह्यलं. राजदीपले हे सांगायची काही गरज नाही. राजदीप म्हणजे आपल्या विहार समितीचा सचिव. माह्या लेकीच्या, रुपालीच्या वयाचा, पण बोलणं कलेक्टरचं.

१६ एप्रिल

सकाळी निघताना नलूनं दारातच अडवलं. "अजी, रुपालीनं आनलेल्या त्या नरम चपला घालून काम करा. डॉक्टर काय म्हनला, आयकलं नाही का? शुगरवाल्यानं अनवानी फिराचं नाही. पायाले लागलेलं समजत नाही."

म्हटलं, "अवं, घालून तर चाललो."

घालून गेलो आणि गेटवर काढल्या. सारेच काढतात. गवताच्या मधात मूर्ती बसणार, ते गवत म्हणजे विहारच झालं. त्याच्यावर चपला घालून फिरू? माह्या बापानं छप्पन सालानंतर या जागेवर पहिला झेंडा रोवला, तवा तो काटे तुडवत आलता. मले काय होते नरम गवतावर?

मोठा पेचकस घालून आटे उलटे फिरवाले पाह्यले. कट्‌कन आवाज आला. मले वाटलं सुटले. कायचे सुटतात! अर्ध्या कड्याचा तुकडा तुटून कुठं उडाला, दिसलाच नाही. पाइपात गेला असेल तर वांधेच झाले. तो पाण्यासोबत पुढं जाऊन दुसरा फवारा बंद पाडेल. फवाऱ्याच्या खड्ड्यात चिखल झालता, म्हणून आत उतरून पायानंच चाचपून चाचपून पाह्यलं. नाही सापडला. दिवसभर डोक्यात तोच तुकडा.

१७ एप्रिल

नलूनं सकाळीच तोंड सोडलं. म्हणे फरशीवर लाल पाय उमटले. मी म्हटलं, गवतासाठी लाल माती टाकली आहे तिथं, तेच लागून आलं. तिनं पोछा मारला, मग फडकं नाकाजवळ नेऊन पाह्यलं.

"माती अशी डागते काजी?"

म्हटलं, "डागते. तू कधी गवत लावलं का?" तिनं फडकं पुन्हा बकेटीत बुडवलं.

पेचकसाचा नाद सोडला. आता आट्यांत लाकडाची खुंटी ठोकून फिरवून पाहतो.

२० एप्रिल

खुंटी गोल फिरते, आटे हालत नाहीत. बोंबलली खुंटी.

राजदीप आलता. येताना हातात मोबाइल, सोबत उपदेश. म्हणे, "काकाजी, प्लंबर बोलवतो. तो लाइन उकरून पाइपाचा नवीन टी-जोड टाकून देईल."

"लाइन उकरून? मूर्तीच्या समोरून? पौर्णिमा तोंडावर आली, आणि भंतेजींले तू नाली दाखवशील का?"

"मग गवत वाळून गेल्यावर काय दाखवाचं?"

मले जे लागायचं ते लागलं. वरून जाताना म्हणते कसा, "तुम्ही लंगडून काहून राह्यले, काकाजी?" म्हणजे म्हातारा झाला, आता बस घरी, असंच ना? वर्कशॉपातून निघालो त्या दिवशी बी सायबानं शाल देऊन हेच म्हटलं होतं, फक्त गोड भाषेत. मी लंगडून बिलकुल नाही राह्यलो. चपलेत खडा असल्यासारखं पाऊल थोडं तिरपं पडते, बस. दुखत तर काहीच नाही.

कडेचं गवत पिवळं पडाले लागलं. मी घरून दोन बकेटा नेऊन टाकल्या. एवढ्यानं काय होते. मले भेव वाटून राह्यलं. हे नाही जमलं तर मग माह्यापाशी राह्यलं काय?

२२ एप्रिल

आज आरीचं जुनं ब्लेड विहाराच्या गॅसवर लाल करून आट्यांत खुपसलं. थंडं झालं की प्लास्टिक त्याले पकडते आणि मग फिरवलं की सारं निघते, असं मोबाइलवर एका पोट्ट्यानं करून दाखवलं होतं. त्याचं निघालं. माहं ब्लेडच निघालं. प्लास्टिक वितळून भोक आणखी लहान झालं, आणि धूर असा की वंदनेले आलेल्या बाया नाकाले पदर लावून उठून गेल्या. लाजेनं मान वर करता येईना.

सावलीत बसलो तर उठावंसंच वाटेना. घसा सारखा सुकते. नलूनं आणून दिलेला मठ्ठा पेलो, मग तिच्या चोरून बाजारात कैरीचं पन्हं पेलो. गोड होतं. एका गिलासानं काय होते.

२५ एप्रिल

घरात उंदीर मेला.

दोन दिवसांपासून वास येते. मी कोठीमागं पाह्यलं, शिलाई मशीन सरकवली, माळ्यावर चढाले गेलो तर नलूनं वढून खाली घेतलं. कुठंच नाही सापडला. नलू म्हणते, "वास तुमच्या खाटीजवयच येते." मग मी खाटच उचलून उन्हात टाकली, तरी वास आहेच. फरशीखाली गेला असेल लेकाचा.

रुपालीचा यवतमाळहून फोन आलता. पहिला प्रश्न, शुगर तपासली का. म्हटलं, तपासली. किती आली? म्हटलं, चांगली आली. पौर्णिमा झाली की खरंच तपासून टाकतो. आता दवाखान्याच्या लाइनीत जाऊन बसाले सवड कोणाले आहे? तिनं आईले फोन दे म्हटलं, मग नलू आतल्या खोलीत जाऊन लय वेळ बोलत होती. दोघी मिळून माह्या तब्येतीचं पुराण वाचतात, त्याच्यात आता मोजाबी आला. मी दिवसभर मोजे घालतो हे नलूले खटकून राह्यलं. अवं, पाय गार पडतात म्हणून घालतो. एवढ्या उन्हात पाय गार पडतात, हे चांगलंच आहे की नाही?

२८ एप्रिल

काल ऊन लागलं. थंडी वाजून ताप आला. नलूनं कांद्याचा रस तळव्याले लावतो म्हटलं, मी पाय वढून घेतले. मोजे काढायचा कंटाळा. अंगात बळ नाही, पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: आटे फिरवून निघत नाहीत, तर त्यांले आतूनच कापायचं.

नलू दळण आणाले गेली तशी मी निघालो. ब्लेडचा तुकडा चिंधीत गुंडाळला, खड्ड्याजवळ पोटावर झोपलो आणि आतून आट्यांले उभी चीर पाडाले लागलो. जपून, लय जपून. बाहेरच्या पाइपाचे आटे कापले गेले तर सारंच संपलं. ब्लेड कुठंपर्यंत गेलं हे दिसत नाही, बोटाले समजते तेवढंच. दोन चिरा झाल्या. मग मधातल्या पट्टीले पेचकसाचं टोक लावून आत दाबलं. टिक्‌ आवाज आला. पट्टी आत वाकली. बाकीचं कडं सैल पडलं. चिमट्यानं धरून वढलं आणि निघालं!

निघालं!! मी एकटाच मोठ्यानं "निघालं रे!" म्हणून ओरडलो. झाडाखालचं कुत्रं उठून गेलं.

नवीन आटे पांढरी टेप गुंडाळून बोटानं बसवले. पाना घरीच ठेवून गेलतो, मुद्दाम. मोटर लावली. एक, दोन, तीन, सारे फवारे उठले आणि गरगर फिराले लागले. मी तिथंच गवतावर बसून भिजत राह्यलो. डोळ्याले पाणी आलं माह्या. खोटं कायले लिहू.

सारे फवारे पुरं पाणी फेकतात. म्हणजे तो तुकडा पाइपात नाहीच गेला. मग गेला कुठं?

उठाले लागलो तर उठता येईना. राजदीपनं घरी आणून सोडलं. तो रस्त्यात सारखा माह्या पायाकडं पाहून राह्यलता.

१ मे. यवतमाळ, दवाखाना

हात चालते म्हणून लिहितो. बाकी काही चालत नाही.

परवा सकाळी राजदीप परत आला आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यानं नलूले सांगतलं, "काकू, यांचा मोजा काढा." मी नाही म्हटलं. त्यानं माहे दोन्ही हात धरले, मले लहान लेकरासारखं, आणि नलूनं मोजा काढला. मोजा पायाले चिकटला होता. तिनं जी किंकाळी फोडली ती साऱ्या राळेगावनं ऐकली असेल. "माय वं! अजी, हे काय केलं तुमी?" मी वाकून पाह्यलं. करंगळी काळी होती. तिच्या शेजारची बी. आणि वास कायचा होता, तेबी समजलं.

राजदीपच्या गाडीत टाकून इथं आणलं. डॉक्टरनं तळव्यातून तुकडा काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला. मी पाह्यलं तर पांढरा, अर्ध्या कड्याचा, आटे अजून साफ दिसतात. मले एवढं बरं वाटलं! नलूले म्हटलं, "पाहा, पाइपात नव्हता! मी म्हणत नव्हतो?"

नलूनं माह्या खांद्यावर एक ठेवून दिली. नर्सच्या समोर. मग तोंडात पदर कोंबून रडली.

दोन बोटं गेली. कापली. डॉक्टरनं घोट्याच्या वर निळ्या पेनानं गोल रेघ मारली आणि रुपालीले सांगतलं, "लाली या रेघेच्या खालीच थांबली, तर पाय वाचला. वर सरकली, तर गुडघ्याखालून काढावा लागेल." मले वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल बोलून राह्यले. रुपालीचा चेहरा पाह्यला, तवा समजलं.

३ मे

सकाळपासून रेघच पाहून राह्यलो. लाली रेघेले टेकली आहे.

रुपाली म्हणते, बाबा, सारखं पाहू नका. मग काय पाहू? भितीवर कॅलेंडर आहे, त्याच्यावर पौर्णिमा दिसते. मूर्ती, गवत, काय काय आठवते, पण खरं सांगू, आज पहिल्यांदा गवताचं काहीच वाटलं नाही. मले भेव वाटते. एका पायावर मी विहारात कसा जाऊ, नलूले पाणी कोण भरून देईल, रुपालीच्या लग्नात उभा कसा राहू. एवढं भेव मले बाप गेला तवा बी नव्हतं वाटलं.

५ मे

वर सरकली. एक बोटभर.

डॉक्टरनं औषध बदललं, जखम अजून उघडी केली. उद्यापर्यंत पाहू म्हणाले. नलूनं काल दुपारपासून घास खाल्ला नाही. मी म्हटलं, "तू घरी जाऊन ये. गवताले पाणी कोण देते, ते बी पाहून ये."

ती माह्याकडं पाहत राह्यली. मग म्हणाली, "आग लागो तुमच्या गवताले. मले हिरवं गवत नाही पायजे. मले सकायी उठून तुमी घरात फिरल्याचा आवाज पायजे. सारी जिंदगी तो आवाज आयकून उठली मी. आता काय खाटीवरच्या मानसाकडं पाहून उठू?"

मी तिचा हात धरला. रुपाली समोर होती तरी धरला.

८ मे

तिथंच आहे. वर नाही, खाली नाही.

राजदीप येऊन गेला. गवत हिरवं झालं म्हणे, मोबाइलवर दाखवतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. तो स्टुलावर बसला आणि एकदम रडाले लागला. "काकाजी, मी वीस तारखेलेच पाह्यलं होतं तुम्हाले लंगडताना. तुम्ही चिडले म्हणून मी चूप बसलो." एवढा कलेक्टर मानूस, नाक पुसून राह्यलता. त्याच्या त्या बोलण्यात माह्या वयाचा टोमणा नव्हताच म्हणा. मले काय माहीत!

१२ मे. बुद्धपौर्णिमा

डॉक्टर लवकर आले. पट्टी सोडली. नलू भितीकडं तोंड करून उभी राह्यली, पाहायले तयारच नाही. डॉक्टरनं बोटानं दाबून दाबून पाह्यलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "उतरली. पाय राहतो तुमचा, आजोबा."

"राहतो" म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं.

नलू तशीच भितीले टेकून खाली बसली. रुपालीनं दोघांले बी धरलं. गावाकडून राजदीपचा फोन येऊन राह्यलता, अनावरण झालं, साधू साधू साधू म्हणून सारा विहार गाजून राह्यलता. आमी तिघंबी फोनवर नुसते रडत होतो. त्याले वाटलं, मी गेलो. बिचारा किती घाबरला असेल.

दवाखान्यात कोणीतरी खीर वाटली. मले नाही दिली. बरोबरच आहे.

१५ जून

आज पहिल्यांदा विहारात गेलो. रविवारची वंदना होती.

पायात आता तो खास बूट आहे, यवतमाळहून बनवलेला. जाड तळाचा, बोटं नाहीत तिथं गादी भरलेला. डॉक्टरनं सक्त सांगतलं आहे: झोपताना सोडून बूट काढायचा नाही, अनवाणी एक पाऊल नाही. घरातबी नाही.

गेटवर चपलांची रांग लागली होती. मी तिथंच थांबलो. गवत काय दिसत होतं! दाट, वलं, नुकतंच पाणी मारलेलं. फवारे चालून गेले असतील.

राजदीप धावत आला. "काकाजी, तसेच या. समितीनं ठराव घेतला आहे, ज्यांले पायाचा त्रास आहे त्यांनी चपला घालून यावं."

ठराव ठीक आहे. पण माहा पाय उचलेना. एक पाऊल पुढं टाकाचं आणि मांगं घ्याचं, असं तीनचारदा झालं. बुटानं ते गवत तुडवाचं म्हणजे माह्या बापाच्या छातीवर पाय दिल्यासारखं वाटे. म्हटलं, "मी गेटवरच खुर्ची टाकून बसतो. इथून ऐकू येते सारं." आत बसलेले लोक वळून वळून पाहाले लागले. मले घाम फुटला. वाटलं, कायले आलो, घरीच बरा होतो.

नलू कवाच आत गेलती. चपला काढून, पदर घेऊन, नेहमीसारखी. तिनं मले गेटवर पाह्यलं. परत आली. मले वाटलं, माह्यासाठी खुर्ची सांगाले आली.

तिनं रांगेतून आपल्या चपला काढल्या आणि पायात घातल्या. लग्न होऊन आली त्या दिवसापासून आजपर्यंत तिनं विहारात कधी चपलेनं पाय नाही ठेवला. ती सरळ गवतावर गेली, मधातून, साऱ्या बायांच्या समोरून, फट फट आवाज करत. मूर्तीच्या समोर जाऊन थांबली आणि वळली. तिचा चेहरा लाल झालता.

"अजी, या आता," ती तिथूनच मोठ्यानं म्हणाली. "कोनाले काई बोलाचं असन, तर पयले मले बोलन."

मी बूट घालून गवतावर पाय ठेवला, आणि तिच्यापर्यंत चालत गेलो.